रक्त तपासलं काय?

आमच्या तायडे सरांना लग्नाला बोलवायचं लोकांनी बंद केलं होतं. पत्रिका द्यायचे, नाही असं नाही. पण लग्न होऊन गेल्यावर. "सर, तुमची पत्रिका राहूनच गेली होती पहा," असं म्हणत पेढ्यांचा डबा घेऊन यायचे. सर पेढा हातात धरायचे आणि तोंडात टाकायच्या आधी विचारायचे, "रक्त तपासलं काय दोघांचं?" समोरचा कसंबसं हसायचा. बरं झालं यांना आधी नाही बोलावलं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं.

अमरावतीला राजापेठेतल्या एका शाळेत मी मराठी शिकवायची आणि ते विज्ञान. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी. माझी जीभ तिखट आहे, हे शाळेतल्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पण तायडे सरांशी भांडून मला कधी सुख मिळालं नाही. मी आवाज चढवला की ते माझं मनगट धरायचे आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागायचे. "बाई, लय जोरात पळून राहिलं तुमचं रक्त. बसा जरा." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी वयानं त्यांच्याहून मोठी, त्यामुळे मला हसूच फुटायचं.

उंच, सावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. त्या शर्टाच्या खिशाला कायम लाल आणि निळ्या खडूचे डाग. फळ्यावर रक्तवाहिन्या काढताना लाल खडू रोहिणीसाठी, निळा नीलेसाठी. पांढरा खडू त्यांच्या हातात मी क्वचितच पाहिला. कोणाशी हात मिळवला की त्याचं नख दाबून बघायची सवय. नख दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की पुन्हा गुलाबी होतं. ते किती लवकर होतं, इकडे सरांचं लक्ष. मुख्याध्यापकांनाही सोडलं नाही. "सर, आरामात येऊन राहिलं तुमचं रक्त. गाडी घरी ठेवा अन् पायी येत जा." मुख्याध्यापकांनी त्यानंतर सरांना लांबूनच नमस्कार करायला सुरुवात केली.

मुलींना मात्र ते जवळ बोलवायचे, डोळ्याची खालची पापणी ओढायला लावायचे, आणि ती आतून पांढरट दिसली की वैतागायचे. "गूळ-शेंगदाणे खाय. पालक खाय. अन् मायले सांग, सगळ्याईच्या मागून उरलंसुरलं खात नको जाऊ म्हणा. तिची पापणी तं याच्याहून पांढरी असन." एवढं बोलून ते वर्गात जायचे. त्या मुलींच्या आया पालकसभेला आल्या की सरांपुढे उगाच डोळे मिटून घ्यायच्या.

पण सरांचं नाव काढलं की जुने विद्यार्थी अजूनही सांगतात तो मैदानावरचा तास. आठवीला रक्ताभिसरणाचा धडा आला की तो वर्गात व्हायचाच नाही. संत्र्याचे दिवस असायचे. वरूडला सरांचा एक विद्यार्थी संत्र्याच्या धंद्यात होता, तो दोन क्रेट पाठवून द्यायचा. सर भल्या सकाळी येऊन मैदानावर चुन्याच्या फक्कीनं हृदय आखायचे; चार खोल्यांचं, अख्खा वर्ग मावेल एवढं. कडुलिंबाखाली फुप्फुसं. पार तिकडे पाण्याच्या टाकीजवळ पाय. पायात काही मुलं बसवायची, त्या उपाशी पेशी. बाकीची मुलं म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी. तांबड्या पेशींनी कडुलिंबाखालून संत्र्याची एकेक फोड उचलायची, तो ऑक्सिजन. फोड घेऊन हृदयात यायचं, तिथून टाकीकडे धावायचं, उपाशी पेशीला ती फोड द्यायची आणि तिनं चघळून टाकलेला चोथा घेऊन परत हृदयात यायचं. चोथा म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो कडुलिंबाखाली टाकायचा आणि नवी फोड घ्यायची. हृदयाच्या दारांत दोनदोन मुली झडपा म्हणून उभ्या. पोरगं आत गेलं की त्यांनी हात आडवे करायचे. मागे फिरायची सोय नाही.

सर स्वतः मधोमध उभे राहून कवायतीचा ढोल बडवायचे. लब-डब, लब-डब. "माणूस झोपला!" म्हटलं की पोरं संथ चालायची. "माणूस जिना चढून राहिला!" म्हटलं की धुरळा उडायचा. माझा वर्ग त्याच मैदानाला लागून. मी कविता शिकवतेय आणि बाहेर हा ढोल! खिडकीतून ओरडायची, "सर, तुमच्या हृदयाला म्हणावं जरा हळू!" तर म्हणायचे, "हळू करतो बाई, पण मंग माणूस मरते ना."

टाकीच्या अलीकडे बाकं समोरासमोर लावून एक अरुंद बोळ केलेली असायची. ती केशवाहिनी. केसाएवढी बारीक नळी, एका वेळी एकच पेशी जाणार, तीही अंग चोरून. सर ओरडून सांगायचे, "मऊ व्हा पोट्टेहो! तांबडी पेशी गोल असते, मऊ असते, दबून-वाकून निघून जाते. जे ताठ राहते ते अडकते." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते या तासाला हमखास यायचं: "रक्ताले घर नसते, त्याले फक्त रस्ता असते." मराठीची बाई म्हणून मला ते वाक्य आवडायचं. मी त्यांना तसं कधी सांगितलं नाही.

हे एवढं सगळं ज्याला येत होतं, त्याच्याच घरी ते व्हावं याचा मला आजही राग येतो. कोणावर ते सांगता येणार नाही.

सरांचं लग्न अकोल्याला झालं, मी गेले होते. शीला वहिनी अकोल्याच्या, सरही मूळचे अकोल्याचेच. बौद्ध पद्धतीचं साधं लग्न. पंचशील, त्रिशरण, जेवण आणि झालं. सरांना त्या लग्नाचा मोठा अभिमान. हुंडा नाही, मुहूर्त नाही, पत्रिका नाही. शाळेत कोणी गुण जुळवण्याच्या गोष्टी काढल्या की ते मान ताठ करून म्हणायचे, "लोकं छत्तीस गुण पाहतात. मी म्हटलं, मले एक बी पाहाचा नाही. माणूस पाहिला, बस झालं." आम्ही कौतुकानं ऐकायचो. आणि त्यात खोटं काही नव्हतंच.

मुलगी झाली, तिचं नाव विशाखा. घरात विशू. आठ-नऊ महिन्यांची असताना तिच्या हातापायांची बोटं सुजली आणि ती हात लावू देईना. कोणी म्हणालं दात येताहेत, कोणी म्हणालं नजर लागली. सरांनी नजरेचं नाव काढणाऱ्या शेजारणीला घराबाहेर काढलं आणि पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, मग या दोघांचंही रक्त मागितलं. सर शाळेत परत आले ते तिसऱ्या दिवशी. खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं ते हातातच धरून बसले.

"सिकलसेल आहे, बाई. आमी दोघं बी वाहक."

मला तेव्हा तो शब्द नवा होता. सरांनी मला समजावून सांगितलं, वर्गात सांगतात तसंच, सावकाश. वाहक असलेल्या माणसाला स्वतःला सहसा काही होत नाही. तो धडधाकट असतो, कधी कळतही नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक मुलाच्या वेळी चार चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं, त्यातली एक वाईट. ती निघाली की पोराच्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत. ऑक्सिजन कमी पडला, ताप आला, थंडी वाजली, अंगातलं पाणी कमी झालं, की त्या वाकड्या आणि ताठ होतात, विळ्यासारख्या. मग बारीक नळ्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि माणूस दुखण्यानं तडफडतो. शिवाय त्या पेशी लवकर मरतात, म्हणून अंगात रक्त कायम कमी.

"हे दुखणं जात विचारत नाही, बाई," ते म्हणाले. "आपणच जात विचारून लग्न करतो. म्हणून ते त्याच त्याच घराईत फिरते." "मी छत्तीस गुण पाहिले नाहीत, त्याचं काही नाही. पण एक पाहाचा होता. एकच."

मी चिडले. म्हटलं, अहो, तेव्हा कोण तपासत होतं लग्नाआधी रक्त? तुम्हालाच काय स्वप्न पडणार होतं? ते म्हणाले, "दुसऱ्याले नसतं पडलं तं चाललं असतं. मी रक्त शिकवतो." दुसरं मूल त्यांनी होऊ दिलं नाही.

विशू मोठी झाली ती आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कारण शाळा तीच. बारीक चणीची, डोळ्यांच्या पांढऱ्यात पिवळी झाक, आणि जीभ माझ्या वरताण. मुलं "पिवळे डोळे" म्हणून चिडवायची तर म्हणायची, "वाघाचे बी असतात." चिखलदऱ्याची सहल निघाली तेव्हा सर तिला पाठवायला तयार नव्हते, तिथल्या थंडीची भीती. हिनं रडून-भेकून घर डोक्यावर घेतलं. शेवटी पाठवलं, दोन स्वेटर, कानटोपी, आणि सोबत जाणार मी. सगळी पोरं दरीत डोकावत होती आणि मी एका पोरीला घोंगडीत गुंडाळून दर थोड्या वेळानं पाणी पाजत होते. "बाई, मी काय कोंबडीचं अंडं आहे काय?" तिनं विचारलं. त्या सहलीत तिला काही झालं नाही. अमरावतीला उतरल्यावर सरांनी आधी तिची नखं दाबून पाहिली, मग मला नमस्कार केला.

पण सगळे दिवस असे नव्हते. एकदा ती आठवडाभर शाळेत आली नाही म्हणून मी घरी गेले. दुपारची वेळ. पोरगी खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडलेली, ओठ चावत होती. शीला वहिनी फडकी गरम करून देत होत्या आणि सर तिच्या पिंढऱ्या शेकत होते. शेकता शेकता हळू आवाजात सांगत होते, "आता घोट्यापाशी आहे पेशी. अडकून राहिली, पण मागून रक्त येऊन राहिलं, तिले ढकलून राहिलं. सुटली पहाय. आता पिंढरीतून चालली वर. गुडघा आला..."

"नाही सुटली बाबा."

"सुटते माय. सुटते."

"माझे पोट्टे लय आडमुठे आहेत," ती म्हणाली आणि तेवढ्यातही हसायला बघत होती. मी उंबऱ्यातूनच परत फिरले. रस्त्यात दुकानं, शिकवण्यांची पोरं, गाड्यांचे हॉर्न, आणि मी त्यातून रडत चालले होते. कोणी ओळखीचं भेटू नये एवढीच इच्छा होती.

ती आठवीत आली त्या वर्षी सरांनी मैदानावरचा तास घ्यावा की नाही, यावर पुष्कळ विचार केला. मला विचारलंसुद्धा. मी म्हटलं, घ्या, नाही घेतला तर तिला जास्त लागेल. सरांनी घेतला, पण तिला पळायला लागू नये म्हणून टाकीजवळ उपाशी पेशींत बसवलं. ढोल सुरू झाला. मी खिडकीत उभी. दोन फेऱ्या झाल्या आणि विशू उठली. सरळ बाकांच्या त्या अरुंद बोळीत शिरली, मधोमध जाऊन कमरेत वाकली, दोन्ही हातांनी दोन बाजूंची बाकं घट्ट धरली आणि ओरडली, "आता जा!"

मागून आलेला मुलगा थांबला. त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरी. बघता बघता रांग हृदयापर्यंत तुंबली. सगळ्यांच्या हातात फोडी, आणि टाकीजवळची पोरं बोंबलायला लागली, "फोडी आणा ना बे!" कोणीतरी म्हणालं, "सर, ही बाजूले होत नाही." सरांच्या हातातला ढोल थांबला होता.

"सर, यायले सांगा मी कोण आहे," विशू वाकलेलीच म्हणाली. वर्गात ती त्यांना सरच म्हणायची.

सरांनी ढोल खाली ठेवला. बोळीपाशी आले आणि मुलांना सांगितलं, कसं सांगितलं त्यांचं त्यांना ठाऊक. पण आवाज हलला नाही. "ही बी तांबडीच पेशी आहे, पोट्टेहो. हिचा आकार इळ्यासारखा आहे. ही मुद्दाम अडवत नाही, हिले वळता येत नाही. पाहा, हिच्यामुळं पाय उपाशी राहिला. आता तो पाय दुखन." एका मुलीनं विचारलं, मग काय करायचं? सर म्हणाले, "पाणी पाजाचं. ऊब द्याची. अन् ती सरळ होईस्तोवर तिच्यापाशी बसाचं." त्या दिवसानंतर पिवळे डोळे म्हणून तिला कोणी चिडवलं नाही. पुढे दर वर्षी त्या तासाला एक मूल बोळीत वाकून उभं राहायला लागलं, तो धड्याचा भागच झाला.

विशू कॉलेजात गेली, बी.एस्सी. झाली. दुखणं येत होतं, औषधं चालू होती, कधी रक्त चढवावं लागायचं, पण पोरगी पुढे सरकत होती. आणि याच वर्षांत सरांनी ते लग्नांचं प्रकरण सुरू केलं. माजी विद्यार्थ्यांच्या घरी सोयरीक ठरतेय असं कानावर आलं की सर हजर. चहा घेणार, नमस्कार-चमत्कार होणार, आणि मग, "रक्त तपासलं काय?" काही लोक ऐकायचे. बरेच चिडायचे. एका मुलीच्या मामानं तर त्यांना विचारलं, "आमच्या पोरीत खोट आहे म्हणता काय तुमी?" सर म्हणाले, "खोट नाही म्हणत. पाहून घ्या म्हणतो."

असंच एक लग्न बडनेरा रोडच्या मंगल कार्यालयात होतं. मुलगा सरांचा विद्यार्थी, मुलीला मी शिकवलेलं. म्हणून मी, सर आणि विशू तिघं गेलो. वधूवरांना आशीर्वादपर दोन शब्द बोलायला सरांना माइक दिला. देणाऱ्याला नंतर घरच्यांनी चांगलंच फैलावर घेतलं असणार. सर आशीर्वाद देऊन थांबले नाहीत. जमलेल्या तरुण पोरापोरींना उद्देशून बोलायला लागले: रक्त तपासा, दोघंही वाहक असाल तर लग्न करू नका. मंडळी कुजबुजायला लागली. आणि मग सरांना काय झालं कोण जाणे, त्यांनी पंगतीकडे हात केला. "मी तपासलं नाही. चूक केली. त्या चुकीचं काय होते ते पाहाचं असन तं माझ्या पोरीकडं पाहा."

अख्खा मांडव वळून विशूकडे बघायला लागला. तिच्या हातात जिलबीचं ताट होतं. तिनं ते शांतपणे खाली ठेवलं. मला त्या क्षणी सरांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, खोटं कशाला सांगू.

परतताना ऑटोत मी आणि सर कडेला, विशू मध्ये. राजापेठ जवळ आल्यावर ती म्हणाली, "बाबा, एक विचारू?"

"विचार ना."

"तुमी सांगता, दोघं बी वाहक असले तं लग्न करू नका."

"हव."

"तुमाले आधी माहीत असतं, तं तुमी आईसोबत लग्न केलं नसतं?"

सरांनी मांडीवरची पिशवी सारखी केली.

"मंग मी कुठी असती?"

तिचा आवाज भांडणाचा नव्हता. पोरगी खरंच विचारत होती, वर्गात शंका विचारतात तशी. सर बाहेर बघत राहिले. ऑटोवाला आरशातून बघत होता. शेवटी विशूच हसली आणि म्हणाली, "जाऊ द्या. पाणी द्या इकडं." सरांनी पिशवीतली बाटली काढून दिली. मी मध्ये काही बोलायला हवं होतं असं नाही. ते उत्तर माझं नव्हतंच.

त्या दिवसापासून सरांनी लग्नांत बोलणं सोडून दिलं. कोणाच्या सोयरिकीला गेले नाहीत. विशू मात्र पहिल्यासारखीच होती, बापाची थट्टा करायची, त्यांचे खडू लपवायची. मला वाटलं, विसरली.

पुढच्या मे महिन्यात ती आईबरोबर मामेबहिणीच्या लग्नाला अकोल्याला गेली. अकोल्याचा मे काय असतो ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. पोरगी वरातीत नाचली. नाचली म्हणून मला अजिबात वाईट वाटत नाही. नाचली ते बरंच केलं. दुसऱ्या दिवशी ताप, मग पाय, पाठ, आणि मग छातीत दुखायला लागलं. श्वास पुरेना. दवाखान्यात दाखल केलं. सर मिळेल त्या बसनं अकोल्याला गेले, मागून मी.

डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही. रक्त द्यायचं होतं, आणि बातमी कशी कोण जाणे, पण फिरली. सरांचे विद्यार्थी यायला लागले. अकोल्यातले, अमरावतीहून गाडी करून आलेले, एक जण थेट वरूडहून. पोटं सुटलेले बाप्ये, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. रक्तपेढीबाहेर बाह्या सरसावून उभे. कोणीएक म्हणाला, "सर, काळजी नका करू, आमी आठवीतल्या पेशी आलो." सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचं नख त्यांनी दाबून पाहिलं नाही. तेवढ्यावरून मी समजले.

कारण विशूच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र लावलेलं होतं आणि सर त्यावरचा आकडा बघत होते. ज्याला कळत नाही त्याला निदान आशा तरी धरता येते. शीला वहिनी डॉक्टरांना विचारत होत्या, रक्षणासाठीचा परित्राणपाठ म्हणत होत्या, पोरीच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. सरांना यातलं काही करता येईना. छातीतल्या कोणत्या नळ्या तुंबल्या, हृदयावर किती भार पडतोय, पुढे काय होणार, सगळं त्यांना पाठ होतं. बावीस वर्षांची पोर. पहाट व्हायच्या आत गेली.

त्यानंतर सर अमरावतीत फार काळ राहिले नाहीत. मुदतीआधी निवृत्ती घेऊन दोघं अकोल्याला आपल्या जुन्या घरी गेले. तिकडे त्यांनी पुन्हा तेच सुरू केल्याचं कळलं, पहिल्याहून कडक. वस्त्यांमध्ये जायचे, कॉलेजांत जायचे, पोरापोरींना गाठून तपासायला लावायचे. लोक शिव्या द्यायचे. सर पुढच्या तपासणीच्या तारखेला पुन्हा हजर. आता माइकवरून विशूचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही.

माझी भाची मीनल, अकोल्यालाच असते. तिचं तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाशी जमलं. मुलगा चांगला, घर चांगलं. मीच मागे लागून दोघांना तपासायला लावलं. दोघंही वाहक निघाले. घरात रडारड झाली. मीनल म्हणाली, मावशी, मला तुझ्या त्या सरांना भेटायचंय. तिनं पुढे ते लग्न केलं नाही, हे आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको.

आम्ही दुपारी गेलो. सर खूप वाळले होते. मीनलला समोर बसवून त्यांनी सगळं नीट सांगितलं. चार चिठ्ठ्या कशा, दरवेळी त्या पुन्हा सगळ्या कशा पडतात, गरोदरपणात लवकर तपासणी करून कसं कळतं, कळल्यावर काय ठरवावं लागतं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. शेवटी म्हणाले, "माझं मत विचारशील तं, नको करू."

मीनलनं मान हलवली. मग म्हणाली, "सर, तुम्हाला आधी माहीत असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"नसतं केलं."

शीला वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, सरांकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेल्या. चहा कोणी धड प्यायलं नाही. आम्ही उठलो.

मीनलनं गाडी सुरू केली होती, मी मागे बसणार, एवढ्यात सर अनवाणीच बाहेर आले. उन्हानं तापलेल्या फरशीवर अनवाणी. त्यांनी गाडीचं हँडल धरलं.

"थांब पोरी. बंद कर गाडी."

मीनलनं बंद केली.

"मी आत खोटं बोललो. मी तेच लग्न करीन. आज माहीत आहे सगळं, तरी करीन. मले विशूच पाहिजे. दुखणारी पाहिजे, पिवळ्या डोळ्याची पाहिजे, बावीसच वर्षं देत असन कोणी तं बावीस पाहिजे." ते दम खायला थांबले. "हे तू ऐकू नको. तू मास्तरचंच ऐक. हे मी तुले नाही सांगत."

मग माझ्याकडे वळले. एवढ्या वर्षांत त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, तुमी होत्या ना ऑटोत. तिनं विचारलं तवा हे मले माहीत होतं. तवाच माहीत होतं. मले वाटलं, सांगू कधी तरी."

मी त्यांचा हात हँडलवरून सोडवायला गेले. बोटं इतकी घट्ट की सुटेनात. शीला वहिनी आतून चपला घेऊन आल्या, खाली बसल्या आणि एकेक पाय उचलून त्यांच्या पायात घातल्या.